एकतीस नावांचा एकच नंबर

मार्चच्या मध्यावर एका सकाळी सातच्या पाळीला आमच्या सेंटरमधली सतरापैकी चार मशीन रिकामी राहिली. डायलिसिसचं मशीन रिकामं राहणं म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. वेटिंगवर बावीस माणसं जीव मुठीत धरून बसलेली, आणि इथे धुतलेल्या चादरी घातलेल्या चार खाटा नुसत्या पडून. मी व्हॅनचा ड्रायव्हर स्वप्नील याला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, उत्तनचं कोणीच नव्हतं लिस्टमध्ये. म्हणून मी तिकडे गेलोच नाय."

ही लिस्ट त्याला माझं अॅप पाठवतं. 'माझं' म्हणायची मला तेव्हा सवय लागली होती.

ट्रस्टने मला डिसेंबरात घेतलं ते तीन महिन्यांच्या करारावर, आणि तेही रजिस्टर बंद करायला. भाईंदर पश्चिमेचं हे सेंटर चौदा वर्षं लाल पुठ्ठ्याच्या रजिस्टरवर चाललं होतं, आणि ते रजिस्टर राई गावचे दत्ताराम भोईर सांभाळत होते. पेशंटचे वार ठरलेले असतात, पण पाळी ठरलेली नसते. एखादं मशीन बिघडतं, एखाद्याला ताप येतो, की सगळंच पुढेमागे होतं. कोणी सकाळी सातला यायचं, कोणी बाराला, कोणी चारला, हे दत्ताराम ठरवायचे आणि ज्याला त्याला कळवायचे. मी काही इंजिनिअर नाही. गिरगाव सोडून नवघरला आले त्याला वीस वर्षं झाली. तेव्हापासून या ना त्या ऑफिसात डेटा एन्ट्री करून मान कायमची आखडून घेतली आहे. पण हल्ली कोड न लिहिता अॅप बनवता येतं. चौकोन ओढायचे, बाणांनी जोडायचे, की झाला 'फ्लो'. मला ते जमतं, आणि जमतं याचा मला अभिमानही होता.

मी एक फॉर्म बनवला. नाव, गाव, मोबाईल, वार, पाळी असे रकाने. 'जमा करा' दाबलं की हे रकाने एकेक करून फ्लोच्या हाती जातात, आणि पुढचं सगळं फ्लो आपोआप करतो. दोन दिवस आधी सकाळी दहाला पेशंटच्या मोबाईलवर मेसेज: येणार असाल तर १ पाठवा, नसाल तर २. उत्तर आलं नाही तर दर अर्ध्या तासाने आठवण. आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत उत्तर नाही, तर नाव बाद आणि जागा वेटिंगवाल्याला. शेवटी तयार लिस्ट व्हॅनला. मी मेसेज एकच दिवस आधी पाठवणार होते. दत्तारामभाऊ हटून बसले, "दोन दिवस आधी पाठव, बाय." मला वाटलं, म्हातारपणाची काळजी. दिले करून दोन दिवस.

एकशे सेहेचाळीस पेशंट. तीन महिन्यांत उत्तरं आली शंभरातल्या अठ्ठ्याण्णव मेसेजना. माझा स्वतःचाच विश्वास बसेना. मी रंगीत तक्ते काढून ट्रस्टचे सेक्रेटरी दिपेशभाई यांना रिपोर्ट दिला. शेवटच्या पानावर एक वाक्य होतं: 'पाळ्या कळवण्यासाठी आता वेगळ्या कर्मचाऱ्याची आवश्यकता नाही.' खाली माझी सही. आठवड्याभरात माझा करार वर्षभरासाठी वाढला आणि दत्तारामभाऊंना पत्र मिळालं की एकतीस मार्चपासून पद रद्द. त्यांनी ते घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि विचारलं, "चहा घेणार काय?" एवढंच.

पद गेलं की ट्रस्टच्या हॉस्पिटलचं फुकट उपचारांचं कार्डही जाणार. म्हणून त्यांनी दोन वर्षं पुढे ढकललेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन घाईने उरकून घेतलं. तीन दिवस रजा. चौदा वर्षांतली बहुधा पहिलीच. आणि त्याच तिसऱ्या दिवशी ही चार मशीन रिकामी.

मी अॅप उघडलं. उत्तनच्या चौघांनाही मेसेज गेले होते, आठवणीही गेल्या होत्या, उत्तर एकाचंही नाही. म्हणून फ्लोने नेमाप्रमाणे नावं बाद केली आणि वेटिंगवाल्यांना कळवलं. संध्याकाळी सहाला कळवल्यावर सकाळी सातला कोण येणार? फ्लोचं काही चुकलं नव्हतं. मग मी चौघांचे मोबाईल नंबर पाहिले. चारही एकच. मी तो नंबर शोधात टाकला, तर एकतीस नावं आली. उत्तन, पाली, चौक, डोंगरी या किनाऱ्याच्या गावांची, थोडी राई-मोर्व्याची. एकतीस माणसं आणि नंबर एक, तो दत्तारामभाऊंचा. मला तोंडपाठ होता तो.

पुढचं तर आणखी कठीण होतं. एका नंबरवरून उत्तर आलं की फ्लो त्या नंबरचं पहिलं सापडलेलं नाव धरतो आणि त्याच्यापुढे 'येणार' लिहितो. बाकीची तीस कोरीच राहतात. मग ती भरली कोणी? मी नोंदींचा इतिहास उघडला. रोज दुपारी बारा ते एक, एकेक नाव उघडून हाताने 'येणार' केलेलं. बदल करणारा: दत्ताराम. तीन महिने, एकही दिवस न चुकता. हीच ती वेळ, जेव्हा मी डबा खाता खाता म्हणायचे, "भाऊ, काय सारखा फोन वाजतोय? कोणी मैत्रीण आहे की काय?" आणि ते हसायचे. माझे अठ्ठ्याण्णव टक्के हे असे होते.

स्वप्नीलला व्हॅन काढायला लावली आणि मीच उत्तनला गेले. ग्रेसी आंटीचं घर पहिलं. पासष्ट वर्षांची बाई दारातच बसली होती, कारण आडवं झालं की श्वास लागत होता. पाय सुजून टुम्म. मला बघून ती रागावली नाही, हेच मला लागलं.

"चिठ्ठी न्हाय आयली, पोरी," ती म्हणाली. "मना वाटला, आज नंबर न्हाय माझा."

"चिठ्ठी? कसली चिठ्ठी?"

सासूला बरं नाही म्हणून तिची सून फ्लेव्हिया त्या दिवशी माल लवकर विकून नुकतीच बाजारातून आली होती. रिकामी टोपली दारात पालथी घालून ती हात धूत होती. भाईंदरच्या मासळी बाजारात ती रोज सकाळी मासे विकते, आणि तिच्यासारख्या उत्तनच्या वीस-पंचवीस तरी बायका. तिनेच मला सगळं सांगितलं.

"घरात फोन एकच, तो माझ्या नवऱ्याकडं. तो बोटीवर. बोट आठ-आठ दिस दर्यात. तुमचा मेसेज मग कुठं वाजणार? म्हावऱ्यांना?" ती हसली. "दत्ताराम रोज अकराला बाजारात येतात. ज्याचा नंबर असंल त्याची चिठ्ठी लिहून त्याच्या गावच्या बाईच्या टोपलीत टाकतात. आमी दुपारी घरी आलो का देतो. दुसऱ्या दिवशी सकाळी जवाब सांगतो. आजपातूर एक चिठ्ठी न्हाय हरवली. ओली झाली असंल."

म्हणून दोन दिवस. मी ओट्यावर टेकले. मी चौकोन जोडून काढलेल्या बाणांच्या मधोमध एक माणूस उभा होता आणि त्याच्यापुढे मासळीच्या टोपल्या होत्या, आणि मी त्या सगळ्याच्या वर माझी सही ठोकली होती. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, दुसरं काय.

आंटीला आणि आसपासच्या तिघांना व्हॅनमध्ये घातलं. सिस्टरना फोन करून बाराच्या पाळीत जागा करायला लावली. येताना मी राईला उतरले.

दत्तारामभाऊ पडवीत खुर्चीवर बसले होते, एका डोळ्यावर हिरवी पट्टी, वरून काळा चष्मा. मोबाईल त्यांच्या बायकोच्या हातात होता आणि तेव्हाही तो वाजत होता. "सकालपासून वाजतंय नुस्ता," ती वैतागून म्हणाली. "मना काय वाचता येतंय?"

"किती न्हाय आले?" त्यांनी मला 'ये, बस'सुद्धा म्हटलं नाही.

"चार. आता आणलं सगळ्यांना. ग्रेसी आंटीला जास्त त्रास झाला."

त्यांनी मान खाली घातली. "कालपर्यंतची नावं मी भरून गेलो होतो. मला वाटला दुसऱ्या दिवशी पट्टी काढतील, मग आजच्या चिठ्ठ्या देईन. डॉक्टर बोलला, आणखी दोन दिवस. चुकला माझा."

"तुमचं काय चुकलं? भाऊ, तुम्ही स्वतःचा नंबर का घातलात फॉर्ममध्ये?"

"तूच बोलली ना. मी विचारला तुला, फोन न्हाय त्यांचा काय लिहू? फॉर्म तर पुढंच जाईना, तांबडी चांदणी दाखवी. तू बोलली, 'घाला हो कुठला तरी चालू नंबर.' माझा चालू हाय."

मला आठवलं. दिवसभरात ऐंशी फॉर्म भरून झाले होते, डोकं उठलं होतं, आणि मी स्क्रीनवरून नजरही न काढता ते बोलले होते.

"मग नंतर तरी सांगायचं! तीन महिने रोज बाजारात उभे राहिलात, एकेक नाव हाताने भरलंत, आणि मला एका शब्दाने नाही सांगितलंत?"

"सांगून काय झाला असता?" ते शांतपणे म्हणाले. "तुझा करार तीन महिन्यांचा. पहिल्याच महिन्यात दिपेशभाईंना कळला असता का तुझ्या मशीनीला आमची गावं पोचत न्हाईत, तर तुला ठेवली असती? पोरगी तुझी बारावीला. मी म्हटला, हिचा बस्तान बसू दे."

"आणि पत्र आलं तेव्हा?"

"तेव्हा रिपोर्टवर तुझी सही होती, बाय. तुला खोटी पाडू काय?"

त्यांच्या बायकोने चहा आणून ठेवला. तो तसाच निवला. माझ्यासाठी कोणी असं काही केल्याची मला आयुष्यात सवय नाही, आणि ज्याने केलं त्याच्याच पोटावर मी पाय दिला होता. मला लाज वाटली. चांगली मानेपर्यंत लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी दिपेशभाईंच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. एकतीस नावं, एक नंबर, चिठ्ठ्या, टोपल्या. माझा रिपोर्ट खोटा आहे, असंही स्वतःच्या तोंडाने सांगितलं. म्हटलं, दत्तारामभाऊंचं पद ठेवा, नाही तर या गावांना काही कळणार नाही. माझा करार मोडायचा तर मोडा. हे शेवटचं मी टेबलाकडे बघून बोलले. मी काही शूर बाई नाही.

दिपेशभाई वाईट माणूस नाहीत. त्यांनी नीट ऐकलं आणि हसले.

"अरे नीलिमाबेन, पण यात प्रॉब्लेम क्या है? पेशंट येतात ने? सिस्टिम चालते ने? मेसेज दत्तारामच्या फोनवर जातो, तो सांगतो. एक तारखेनंतर पण जाईल. तो थोडाच 'ना' बोलणार आहे? चौदा वर्षं ओळखतो मी त्याला. स्वभाव आहे त्याचा."

"म्हणजे पगार न घेता?"

"पगार काय सगळीकडे मधे आणायचा? सेवा बोल ने."

मी बाहेर आले. चीड आली होती, पण त्या चिडीतही थकवाच जास्त होता. खरं बोललं की काहीतरी हलेल, असं मला वाटलं होतं. खरं त्यांना उलट सोयीचंच पडलं.

एकतीस तारखेला दत्तारामभाऊंना शाल आणि नारळ मिळाला. दिपेशभाई बोलले, सिस्टर बोलल्या, वडापाव वाटले. सगळे पांगल्यावर मी भाऊंना गाठलं. "तुमचा नंबर काढून टाकते फॉर्मांमधून. उद्यापासून तुमचा आणि याचा संबंध नाही."

"काढू नको," ते म्हणाले. "कोणाचा घालशील मग? ऱ्हाऊ दे. मी काय, घरी बसून माश्याच मारणार. बाजार राईपासून किती लांब हाय?"

शाल काखेत मारून ते बस स्टॉपकडे निघाले. डोळा अजून लाल होता. हा माणूस हातपाय चालतील तोवर रोज बाजारात उभा राहील, कोणी विचारणार नाही, आणि माझा फ्लो दर अर्ध्या तासाने त्याला आठवण करून देईल. हे मी घडवलं होतं. त्या क्षणी मला जे सुचलं ते शहाणपणाचं नव्हतं. पण शहाणपण करूनच इथवर आले होते.

मी परत टेबलाशी बसले आणि एकतीसच्या एकतीस नावं उघडली. मोबाईलच्या रकान्यातून दत्तारामभाऊंचा नंबर पुसला आणि दिपेशभाईंचा घातला. जतन करा. पुढचं नाव. जतन करा. ग्रेसी आंटी, जतन करा. पेशंटचा यात काही दोष नव्हता. म्हणून उद्या ज्यांना कळवायचं होतं ती सात नावं कागदावर उतरवून पर्समध्ये ठेवली. मी स्वतः बाजारात जाणार होते.

एक तारखेला दहा वाजता सात मेसेज गेले. साडेदहाला सात आठवणी. अकराला पाच मिनिटं असताना दिपेशभाईंचा फोन आला.

"नीलिमाबेन, हे काय एप्रिल फूल लावलंय? कोण ग्रेसी? कोण रुबेन? सात वाजता येणार काय, मला विचारतायत!"

"तुम्हाला नाही, भाई. त्यांना विचारायचंय. त्यांच्याकडे फोन नाही. तुम्ही उत्तनला निरोप पोचवा, ते काय म्हणतात ते उद्यापर्यंत कळवा. आज सातच आहेत. एकूण एकतीस."

"मी? मी कसा पोचवू?"

"दत्तारामभाऊ पोचवायचे तसा."

"तू काढ माझा नंबर. आत्ताच्या आत्ता."

"काढते. कोणाचा घालू?"

"दत्तारामचाच घाल ने!"

"ते कालपासून आपले कर्मचारी नाहीत, भाई. पेशंटची माहिती बाहेरच्या माणसाच्या फोनवर पाठवता येत नाही. फॉर्मच्या खाली तुमच्याच सहीचा नियम आहे." मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "तुमचा ठेवू, की दुसऱ्या कोणाचा घालू? रकाना रिकामा राहिला तर फॉर्म पुढे जात नाही."

मागे त्यांच्या दुकानात कोणीतरी कापड फाडत होतं. मग त्यांच्याच हातातला फोन टिंग टिंग करून वाजला. अकरा वाजले होते. मी मोजले, सात.

"ठीक आहे," ते म्हणाले. "बोलाव त्याला. पत्र मी करतो. पण तुझ्याशी मला नंतर बोलायचंय."

बोलतील. माझ्या कराराचं जे व्हायचं ते होईल. मी लगेच दत्तारामभाऊंना फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. मागे गलका, पाण्याचा सपका, कोणीतरी कोलंबीचा भाव ओरडत होतं.

"भाऊ, कुठे आहात तुम्ही?"

"कुठं म्हंजे? बाजारात. दहापासून उभा हाय. बाय, आज एक पण मेसेज न्हाय आला. बिघडला काय तुझा ते?"

"भाऊ, ऐका ना. दिपेशभाई म्हणाले, तुम्हाला परत—"

"ते मागून सांग," ते घाईने म्हणाले. "बायका टोपल्या उचलाया लागल्यात. बारा वाजता एक पण इथं ऱ्हाणार न्हाय. आधी नावं सांग. मी चिठ्ठ्या फाडून ठेवल्यात."

मी पर्समधून कागद काढला. डोळे भरले होते, अक्षर नीट दिसत नव्हतं.

"ग्रेसी आंटी," मी म्हणाले. "सकाळी सात."

"हं. लिहिला. पुढं?"